आहे की नाही

मंगळवार, ४ मार्च

वहिनी,

अक्षर ओळखलंत तर पत्र फाडण्याआधी एवढं वाचा, की मी काही मागायला लिहीत नाही. आई गेली तेव्हा तुम्ही चार ओळींचं कार्ड पाठवलं होतं. त्याच्यावरचा पत्ता मी ठेवून दिला होता. त्याला सात वर्षं झाली, तुम्ही अजून तिथेच राहता का तेही मला माहीत नाही. फोन नंबर शोधला असता तर कुणाकडून तरी मिळाला असता. पण समोरून ‘कोण?’ एवढं ऐकूनच मी फोन ठेवून दिला असता.

आमच्याकडे सगळं ठीक. माझं लग्न तुम्ही गेल्यावर वर्षाने झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, कमी बोलतो. लेक सोळा वर्षांची आहे, त्याची भरपाई ती करते. मी अजून त्याच कपांच्या कारखान्यात. तेव्हा नवी लागले होते, आता तपासणीच्या टेबलावर सगळ्यांत जुनी मीच.

एक छोटं ऑपरेशन ठरलंय. गर्भाशयात गाठ आहे, साधी आहे म्हणतात. त्याआधी रक्त तपासतात, त्यात एक गोष्ट जराशी पुढेमागे आली. म्हणून ऑपरेशन पुढे ढकललंय. घरी सांगितलंय की डॉक्टर रजेवर आहेत.

‘जराशी पुढेमागे’ असं लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. मग गॅलरीतले कपडे काढले. ते ओले होते, पुन्हा वाळत घातले. आता लिहिते.

एचआयव्हीची तपासणी होती. एका किटवर रेषा उमटली, दुसऱ्या दोन किटवर नाही. दवाखान्यात समजावून सांगायला एक बाई असतात, तरुण आहेत, त्यांना जबरदस्त सर्दी झाली होती. नाक पुसत म्हणाल्या, ‘आहे’ म्हणता येत नाही, ‘नाही’ही म्हणता येत नाही. सतरा तारखेला पुन्हा रक्त द्यायचं. ते मोठ्या प्रयोगशाळेत जाणार आणि सव्वीसला उत्तर येणार. मी मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर चपला घालायला इतका वेळ लागला की वॉचमनने विचारलं, चक्कर येतेय का.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. दादा याच आजाराने गेला. तो आत पडून असताना तुमचंही रक्त घेतलं होतं आणि तुम्हालाही असाच कागद मिळाला होता. मिळाला म्हणजे, तुम्ही त्याच्या उशाशी होतात, म्हणून तो मी आणला. मला तेव्हा तो नीट कळला नाही. मी चोवीस वर्षांची होते, सगळंच घाईत झालं.

तुम्ही कशा आहात? एकोणीस वर्षांनी विचारते आहे, तेही माझ्यावर वेळ आली म्हणून. मला कळतंय ते.

तुमची नणंद


मंगळवार, ११ मार्च

वहिनी,

काल तुझं पत्र आलं. पावतीपुस्तकाचं पान, वर छापलेलं ‘चेन बदलणे, पट्टे शिवणे, दप्तरे व बॅगा दुरुस्त करून मिळतील’. मागे तुझं ते उभं, टोकदार अक्षर. जिन्यातच उभी राहून वाचलं. ‘अहो-जाहो कधीपासून, वन्सं? घराबाहेर काढलंत तेव्हा तर अगं-तुगं चालू होतं.’ त्याच्याखाली, एका ओळीची जागा सोडून, ‘घरात कुणाला सांगितलंस? जेवतेस का?’

म्हणून ‘तू’ लिहिते. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच आहे.

नवऱ्याला सांगायचं तर मला अर्ध्यातून सुरुवात करता येत नाही. दादा काय होऊन गेला हेच त्याला माहीत नाही. लग्न ठरताना आम्ही कावीळ सांगितली होती. अठरा वर्षं त्या काविळीवर आमचा संसार उभा आहे. तो कधी कुठे बाहेर पाणी प्यायला गेला तर मला म्हणतो, बाटली दे, तुझ्या भावाचं काय झालं माहिती आहे ना. आणि मी बाटली देते.

आणि दुसरं असं, की मला त्याची भीती वाटते आणि संशयही येतो, दोन्ही एकाच वेळी. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला आठ महिने दुसऱ्या शहरात पाठवलं होतं. ते आठ महिने मी रोज नव्याने मोजते. शनिवारी तो आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या पँटचे खिसे तपासले. दोन स्क्रू, ग्रीस लागलेलं फडकं, खोकल्याच्या गोळ्या आणि परगावच्या बसचं एक तिकीट. त्या गावाला आमचं कुणी नाही. तिकीट जसंच्या तसं ठेवलं. तो बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, भाजी कुठली करू.

त्या सर्दीवाल्या बाईंनी सांगितलं होतं की अशी रेषा कधीकधी उगाचच येते. एखादा ताप येऊन गेलेला असला, लस घेतलेली असली, शरीरात दुसरं काही चालू असलं, तरी येते. मी विचारलं, दहांतल्या किती जणींना उगाच येते? त्या म्हणाल्या, तुम्हाला आकडा सांगितला तर तुम्ही त्यालाच धरून बसाल. खरं आहे, बसले असते. मोबाइलवर शोधते आणि शोधलेलं पुसून टाकते. लेक हुशार आहे. कारखान्यातल्या बाथरूमच्या आरशात मानेच्या गाठी चाचपते. चाचपून चाचपून आता मान दुखते, आणि दुखते म्हणून पुन्हा चाचपते.

माझं काम तुला ठाऊक आहे. भट्टीतून आलेला कप डाव्या हातात उलटा धरायचा, लाकडी दांडीने कडेवर टिचकी द्यायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर खोक्यात, बद्द वाजला तर बाद. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते, की कप कोमट असला तर निकाल द्यायचा नाही. कोमट कप कसाही वाजतो. शंका आली की मागच्या फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर पुन्हा वाजवायचा. इतकी वर्षं हे सांगते आहे. काल मी सकाळच्या सकाळी चाळीस कप बाद केले. शेजारची मुलगी ते एकेक उचलून वाजवत होती, सगळे चांगले होते. ‘मावशी, आज तुम्ही पॅकिंगला बसता का?’ एवढंच म्हणाली. मी बसले.

तुला तेव्हा कुणी मागच्या फळीवर ठेवलं नाही. हे मी काल खोकी चिकटवताना स्वतःशी बोलले, आणि पत्रात लिहीन की नाही याची खात्री नव्हती.

तुझी नणंद


शनिवार, १५ मार्च

वहिनी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण आज सकाळी जे झालं ते मला दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

चहा झाला होता. मी माझा कप ओट्यावर ठेवून डबा भरत होते. लेक आली आणि नेहमीसारखा माझाच कप उचलून एक घोट घेतला. तिला स्वतःचा चहा करायचा नसतो, माझ्यातला अर्धा प्यायचा असतो, लहानपणापासून. मी तो कप तिच्या हातातून हिसकावला. विचार करून नाही, हातच गेला. चहा तिच्या गणवेशावर सांडला. ती माझ्याकडे बघत राहिली.

कपाने काही होत नाही हे मला माहीत आहे. त्या बाईंनी सांगितलं, भिंतीवर चित्र काढून लावलंय, आणि मला तर ते एकोणीस वर्षांपूर्वीही माहीत होतं. दादाच्या वॉर्डबाहेर तसंच चित्र होतं. डोक्याला माहीत होतं. हाताला नाही.

मी म्हटलं, मला घसा धरलाय, तुला लागेल. ती शर्ट बदलायला गेली. आतून म्हणाली, ‘चार दिवस झाले तू तुझा कप वेगळा घासतेस, शेवटी. मला दिसतं, आई. मी आंधळी नाहीये, मी फक्त आळशी आहे.’

वेगळा घासते हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

तुझ्या कपाला हिरवी कड होती. तो कारखान्यातून मीच आणला होता, बाद मालातला. तू गेलीस त्याच्या आधीचे आठ दिवस तुला त्यातच चहा दिला. आईने सांगितलं नव्हतं. माझीच कल्पना होती, आणि मी ती चांगुलपणा म्हणून केली होती, की वहिनीला निदान स्वतःचा छान कप असावा. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तू पहिल्या दिवशी तो हातात घेऊन फिरवून बघितलास आणि म्हणालीस, ‘वा वन्सं, सुनेचा मान.’ सगळे हसले, तूही हसलीस. मला आठवतंय की तू हसलीस म्हणून मला केवढं हलकं वाटलं होतं.

आज दिवसभर मी ओटा पुसते आहे. सोमवारी रक्त द्यायचं.

तुझी नणंद


बुधवार, १९ मार्च

वहिनी,

सोमवारी रक्त दिलं. बाईंची सर्दी बरी झाली आहे. त्यांनी विचारलं, निकालाच्या दिवशी सोबत कोण येईल. मी म्हटलं, बघते. त्यांनी तसंच लिहून घेतलं असावं.

काल तुझं दुसरं पत्र आलं, आणि मी ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा उघडायचं धाडस झालं नाही, पण पाठ झालं आहे. तीन वर्षं, वहिनी. तू तीन वर्षं समजून चाललीस की तुला तो आजार आहे. कुणी तुला सांगितलंच नाही की पुन्हा रक्त द्यायचं होतं. हॉस्पिटलच्या दारात पाय ठेवायचा नाही असं तू ठरवलं होतंस, दादाला तिथे ज्या तऱ्हेने वागवलं ते बघून. मग तुझ्या दुकानात येणाऱ्या एका चित्रकलेच्या मास्तरांनी तुला लग्नाचं विचारलं, आणि तू त्यांना खरं ते सांगून टाकलंस, जे खरं नव्हतंच. त्यांनी महिनाभर विचार केला आणि ते दुकानाच्या दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने जायला लागले.

मग शिवणयंत्राची सुई बोटात घुसून मोडली, तुला न्यावंच लागलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्त तपासून सांगितलं की काहीही नाही, कधी नव्हतंच. तुझं वाक्य असं आहे: ‘त्या म्हणाल्या, आनंदाची गोष्ट आहे, रडता कशाला. मी रडत नव्हते, मला तुझा राग आला होता. तुझ्या दादाचाही नाही, सासूबाईंचाही नाही. तुझा. कारण घरात कागद वाचता येणारी तूच होतीस.’ मास्तरांचं लग्न त्याच्या आदल्याच वर्षी झालं होतं.

आणि आम्हाला का कळवलं नाहीस, त्याचं उत्तर, ‘कुणाला कळवायचं होतं? दुकानाच्या पाटीवर लिहू?’

यावर मी काय लिहू. ‘माफ कर’ असं तीनदा लिहिलं आणि तीन कागद फाडले. तो शब्द फार पटकन लिहून होतो.

शेवटी तू मला सल्लाही दिलास, म्हणजे रागावून झाल्यावर. हातात असं काम घे की ज्यात बोटं मोजावी लागतील, असं लिहिलंस. तू त्या तीन वर्षांत चेनचे दात मोजत बसायचीस. आणि नवऱ्याला निकालाच्या आधी सांग. ‘नंतर सांगशील तर तो निकाल ऐकेल, तुला ऐकणार नाही.’

मी रोज सकाळी ठरवते आणि संध्याकाळी तो जिन्यात दिसला की विचारते, चहा टाकू का. परवा तर तीनदा चहा झाला. तो म्हणाला, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, दूध फार उरलंय.

तुझी नणंद


मंगळवार, २५ मार्च

वहिनी,

उद्या निकाल. हे पत्र आज दुपारी टपालात पडेल अशा बेताने लिहिते आहे, का ते पुढे कळेल.

शुक्रवारी सांगितलं. लेक क्लासला गेली होती. तो स्वयंपाकघरातला अडकणारा खण काढून, मांडी घालून त्याची पट्टी घासत होता. मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. रेषेचं, दादाचं, काविळीचं, तुझं, खिशांचं. त्याने पॉलिशपेपर खाली ठेवला नाही. बराच वेळ तो ती एकच जागा घासत होता.

मला वाटलं आजाराबद्दल विचारेल. त्याने विचारलं, ‘खिसे कधी बघितलेस?’

मी वार सांगितला. तिकिटाचं सांगितलं.

‘कान दाखवायला गेलो होतो,’ तो म्हणाला. ‘डाव्या कानाने कमी ऐकू येतंय. इथल्या डॉक्टरकडे गेलो असतो तर कंपनीत कळलं असतं. मग मला लिफ्टच्या खड्ड्यात कोण उतरू देईल?’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’ आणि मग, खण बसवून दोनदा उघडझाप करून झाल्यावर, ‘नसतं सांगितलं बहुतेक.’

मला वाटलं झालं, निभावलं. पण त्याने अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. मला थोडे दिवस दे, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी केलेला चहा घेतला नाही, स्वतःचा करून घेतला. तो राग होता की भीती, हे मी त्याच्या पाठीकडे बघून ओळखायचा प्रयत्न करत होते. पाठीवरून काही कळत नाही. तुलाही आमच्या पाठी बघूनच ते आठ दिवस काढावे लागले असतील.

शनिवारी तो स्वतःहून जाऊन रक्त देऊन आला. त्याचं उत्तर त्याच दिवशी मिळालं. दारातूनच म्हणाला, ‘माझं नाही.’ मी म्हटलं, बरं झालं. ते मनापासून होतं. पण ते बोलून होईपर्यंत आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की त्याचं ‘नाही’ आहे, तर उद्या माझं ‘आहे’ निघालं तर ते मी आणलेलं असणार. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं, एक क्षणभर, पहिल्यांदा भेटलेल्या माणसाकडे बघतात तसं. अठरा वर्षांत मी कुणाबरोबर साधा चहासुद्धा प्यायलेली नाही, आणि तरी मी मनातल्या मनात माझे खुलासे तयार करायला लागले. गेल्या वर्षी दात काढला ती सुई. कारखान्यात हात कापला तेव्हा टाके घातले तो दवाखाना. मला विचारलं गेलं नव्हतं, तरी मी उत्तरं पाठ करत होते.

हीच ती जागा, वहिनी. इथे मी तुला उभं केलं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तो कागद मला नीट कळला नव्हता. ते खोटं आहे. मी तो कागद तिथल्या बाकावर बसून तीनदा वाचला. त्याच्यावर लिहिलं होतं की निश्चित सांगता येत नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. खिडकीतल्या माणसाने ते मला तोंडीही समजावलं. तारीख लिहून देऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, लक्षात राहील.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, ‘आहे की नाही?’ तिला तिसरं उत्तर चाललं नसतं, हे खरं. पण मी तिच्यावर ढकलणार नाही. मी वाटेतच ठरवून आले होते. तुझं ‘नाही’ निघालं असतं तर हा आजार दादाने आणला हे उघड झालं असतं. आत्या, काका, शेजार, सगळ्यांनी तोवर म्हणायला सुरुवात केली होती की सुनेमुळे झालं असेल, आणि ते ऐकताना मला बरं वाटत होतं. तो माझा दादा होता. मरत होता. त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघू नये एवढंच मला हवं होतं. आणि त्याच्या मागोमाग माझं स्थळ बघायचं होतं, ते तू घरात असताना झालं नसतं. दोन्ही कारणं होती. कुठलं मोठं होतं ते मी आजवर मोजलेलं नाही.

मी म्हटलं, ‘आहे.’

तो कागद दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन भट्टीत टाकला. एवढ्या आगीत एक कागद कितीसा जळतो, काही दिसलंसुद्धा नाही.

हे मी आज लिहिते, कारण उद्याचा निकाल वाईट आला आणि मग लिहिलं तर तुला माझी दया येईल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आणि चांगला आला तर मी कदाचित लिहिणारच नाही. माझा स्वभावही मला माहीत आहे. तूच म्हणालीस, निकालाच्या आधी सांग.

तुझी नणंद


बुधवार, २ एप्रिल

वहिनी,

नाही. मला काही नाही.

पहिल्या ओळीतच लिहिते, तुला थांबायला लागू नये म्हणून. बाईंनी कागद माझ्याकडे वळवून दिला, बोट ठेवून दाखवलं, आणि मला स्वतःला वाचू दिलं. मोठ्या प्रयोगशाळेनेही काही नाही असंच म्हटलंय. पहिली रेषा कशामुळे आली ते कळणार नाही, गाठीमुळे असेल किंवा कशामुळेच नसेल. मी तीनदा वाचला.

नवरा आला होता. बाकावर माझ्या आणि त्याच्यामध्ये एका माणसाची जागा सोडून बसला होता. त्या जागेत दुसरी एक बाई येऊन बसली, तिच्या पिशवीसकट, आणि आम्ही दोघांनी तिला ती दिली. निकाल ऐकल्यावर तो उठला, पाण्याची बाटली भरून आणली, आधी मला दिली आणि मग त्याच बाटलीला तोंड लावून प्यायला. मी बघतेय हे त्याला कळलं. म्हणाला, बघू नकोस.

लिफ्टवाला माणूस, पण आम्ही जिन्याने उतरलो. मधल्या मजल्यावर तो थांबला आणि म्हणाला, ‘असता, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मी गेले पाच दिवस तेच बघतोय. मला माहीत नाही.’

मी म्हटलं, बरं.

मला त्याचा राग आला नाही. तो मला खोटं सांगू शकला असता आणि मी ते आनंदाने घेतलं असतं. पण तेव्हापासून मला चैन नाही, वहिनी. सगळं पार पडलंय, अंथरूण आत आलंय, लेक माझ्या कपातला चहा पिते, आणि तरी मी दिवसातून दहादा कुठल्यातरी खोलीत जाऊन उभी राहते आणि कशाला आले होते ते आठवत नाही. मला हे घर ठेवून घेणार होतं की नाही, ते आता कधीच कळणार नाही. ‘नाही’ आलं आणि तो प्रश्नच मिटला. तुझ्या बाबतीत मात्र आमचं घर काय करतं ते पक्कं झालेलं आहे. त्यात संशयाला जागाच नाही.

रविवारी आत्याकडे गेले होते. जुन्यांपैकी आता तीच उरली आहे, आणि सुनेमुळे दादा गेला ही गोष्ट अजून तीच सांगते, नव्या नव्या माणसांना. तिला मी सगळं सांगितलं. कागदाचं, भट्टीचं. ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली. म्हणाली, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतेस, आता त्यात कुणाचं काय भलं आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी गोष्ट सांगशील तेव्हा माझं नाव घेऊन सांग. तिने जेवून जा म्हटलं नाही. बसस्टॉपवर लेकीलाही सांगितलं, ती सोबत होती. ती काही बोलली नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा. बस आली तेव्हा तिने विचारलं, ‘त्या आत्ता कुठे असतात?’ मी तिला गावाचं नाव सांगितलं. तिने ते मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाली, ‘चार तास.’

माझ्या गेल्या पत्राला तुझं उत्तर नाही. आठ दिवस झाले. रोज पेटी उघडते, विजेचं बिल येतं.

ऑपरेशन अकरा तारखेला आहे, सकाळी आठला, त्याच दवाखान्यात. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. कळवायचं म्हणून कळवते, ये म्हणून नाही, असं लिहायचं ठरवलं होतं. पण तुला आता माझं आणखी एक खोटं नको. तू यावंस असं मला वाटतं. आली नाहीस, तर का आली नाहीस हे मला कुणाला विचारावं लागणार नाही.

तुझी नणंद